कौशल्य खातं आणि उद्योग खात्याला खुलं पत्र: जपानहून परतलेला पोरगा तुमच्यापैकी कुणाच्या यादीत आहे?

प्रति,
मा. मंत्री व सचिव, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभाग,
मा. मंत्री व सचिव, उद्योग विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय: परदेशी जाणारा कामगार आणि परदेशातून येणारा छोटा कारखानदार, या दोघांचं काम एकाच टेबलावर घेण्याबाबत.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

एका पत्रावर दोन खात्यांची नावं घातली की ते दोन्हीकडून 'संबंधित विभागाकडे वर्ग' होतं, याची कल्पना आहे. म्हणूनच ते टपालात न टाकता चारचौघांत वाचून दाखवते आहे. मी जपानी भाषेची दुभाषी. पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात येणाऱ्या जपानी पाहुण्यांबरोबर शॉप फ्लोअरवर फिरायचं, मीटिंगला बसायचं, ड्रॉइंगवरच्या बारीक टिपा वाचून दाखवायच्या, हा माझा पोटापाण्याचा धंदा. मोठ्या कंपन्यांचे दुभाषे पगारी असतात. माझ्यासारख्या फुटकळ कामं करणाऱ्यांच्या वाट्याला छोटे कारखानदार येतात: पत्र्याचे भाग दाबून देणारे, स्प्रिंगा करणारे, प्लॅस्टिकचे लहान पार्ट ओतणारे. तीस-चाळीस माणसं पदरी, मालक स्वतः कामाच्या कपड्यांत, व्हिजिटिंग कार्डावर एकच पत्ता.

या मंडळींबरोबर हिंडून माझं एक मत पक्कं झालं आहे. मोठी कंपनी देशाकडे बघून गुंतवणूक करते. छोटा कारखानदार माणसाकडे बघून करतो. आणि तो माणूस पुष्कळदा त्याच्याच मशिनवर हातमोजे घालून उभा राहिलेला परदेशी कामगार असतो.

जपान म्हटलं की आपल्याला टोयोटा आणि सुझुकी आठवतात. प्रत्यक्षात तिथल्या उद्योगांपैकी ९९.७ टक्के लघु आणि मध्यम आहेत आणि दहातली सात माणसं त्यांच्याकडे कामाला आहेत. तोक्योचा ओता वॉर्ड किंवा ओसाकाला लागून असलेलं हिगाशी-ओसाका इथे गल्लीबोळांत असे कारखाने आहेत. खाली लेथ, वर घर. ओता वॉर्डात १९८३ च्या सुमारास नऊ हजारांहून जास्त कारखाने होते, आता त्याच्या निम्मेही राहिलेले नाहीत. मालक साठीच्या पुढे गेलेले, मुलं दुसरीकडे नोकरीला लागलेली, मशिनवर उभं राहायला तरुण माणूस मिळत नाही. ती जागा परदेशी कामगारांनी भरली. ऑक्टोबर २०२४ अखेर जपानमध्ये २३ लाख परदेशी कामगार होते, त्यांतले जवळपास पावणेसहा लाख एकट्या व्हिएतनामचे. परदेशी माणसं कामावर ठेवणाऱ्या आस्थापनांपैकी साठ टक्क्यांहून अधिक ठिकाणी एकूण माणसंच तीसपेक्षा कमी आहेत. हा शेवटचा आकडा उद्योग खात्याने कृपया लिहून घ्यावा. कारण परदेशी कामगार ज्याच्या पदरी आहे तो जपानी मालक कोण, याचं उत्तर त्यात आहे. तो तुमच्या गुंतवणूक परिषदेच्या पहिल्या रांगेत कधी बसणार नाही. त्याला आमंत्रणही गेलेलं नसतं.

अशा मालकाला परदेशात जायचं झालं तर काय अडतं? कागदपत्रं अडत नाहीत, ती पैसे घेऊन सल्लागार करून देतो. शेड अडत नाही, ती भाड्याने मिळते. अडतं ते त्याच्या पुढे. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, चढवल्यावर निघालेल्या पहिल्या शंभर पिसांतला कुठला बाजूला काढायचा, हे ठरवणार कोण? मालकाला काय चालतं आणि काय अजिबात खपत नाही, हे तिथल्या पोरांना त्यांच्या भाषेत सांगणार कोण? घरचा फोरमन पाठवावा, तर तो पासष्टीचा, त्याला जपानीपलीकडे भाषा येत नाही, आणि तो हलला की घरचा कारखाना बसतो. मोठ्या कंपनीकडे यासाठी एक अख्खं खातं असतं. छोट्याकडे मालक असतो, हिशेब बघणारी त्याची बायको असते आणि तीन वर्षं त्याच्या मशिनवर घासलेला एक परदेशी पोरगा असतो. दोन्हीकडचं कळणारा माणूस म्हणाल तर तेवढाच.

भोसरीत जॉबवर्क करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये असेच एक पाहुणे आले होते. ओसाकाकडचे, प्रेसचं काम करणारे. बरोबर कन्सल्टंट नव्हता. होता एक चाळिशीचा व्हिएतनामी गृहस्थ. तरुणपणी तो याच मालकाकडे प्रशिक्षणार्थी म्हणून राबला, मुदत संपल्यावर गावी परतला, आणि पुढे मालकाने व्हिएतनाममध्ये युनिट टाकलं तेव्हा त्याचा फ्लोअर त्याच्या हातात आला. आपल्या उद्योजकाने रीतसर तयारी केलेली: फाइल, प्रेझेंटेशन, काजू, गुलाबाचं फूल. मालकाने सगळ्याला अदबीने मान डोलावली. व्हिएतनामी गृहस्थाने मात्र परवानगी मागितली आणि तो थेट रिजेक्शनच्या क्रेटपाशी गेला. चार पीस उचलले, एकेकाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, दोन परत टाकले. उरलेले दोन हातात धरून त्याने मला विचारलं, हे दिवसपाळीचे की रातपाळीचे? मी मराठीत विचारलं. सुपरवायझर आधी बावचळला, मग म्हणाला, "रात्रीचेच असतील." गृहस्थ मालकाकडे वळून म्हणाला, "डाय चांगली आहे. रात्री धार लावायला कुणी थांबत नसणार."

त्याचं जपानी असं होतं की माझ्या बाईंनी निम्म्या वाक्यांवर लाल रेघ मारली असती. मालकाला त्यातला शब्द न् शब्द पटला. पुढची मीटिंग त्या दोघांच्यातच झाली म्हणायला हरकत नाही, मी फक्त मराठीची बाजू सांभाळली. ट्रायल ऑर्डर मिळाली. पाहुणे गेल्यावर वर्कशॉपचे मालक मला म्हणाले, "मॅडम, त्यांच्याकडे असा आपला एखादा पोरगा का नाही हो?" हे पत्र म्हणजे त्यांच्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर समजा.

व्हिएतनामला ही माणसं मिळाली कशी, ते बघण्यासारखं आहे. पूर्वी जपानमध्ये प्रशिक्षणासाठी परदेशी कामगार आणायचे ते मोठ्या कंपन्या, आपल्या परदेशातल्या शाखांमधून. १९९० मध्ये छोट्या उद्योगांनाही संघटनेमार्फत माणसं आणायची मुभा मिळाली. या संघटनांना तिकडे कुमिआई म्हणतात. आपल्याकडच्या सहकारी संस्थेची जातकुळी. १९९३ मध्ये 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' योजना आली. विकसनशील देशांना कौशल्य देणं, असा तिचा हेतू कागदावर छापला होता. खरा हेतू स्वस्तात हात मिळवणं हा होता, हे जपानी लोक स्वतःच खासगीत सांगतात आणि आता उघडही सांगू लागले आहेत. पण गंमत अशी झाली की जे कागदापुरतं लिहिलं होतं ते काही ठिकाणी खरोखरच घडून गेलं. २००५ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये चीनमध्ये जपानविरोधी निदर्शनं पेटली, तेव्हा सगळी अंडी चीनच्या टोपलीत नकोत असं छोट्या मालकांनाही वाटू लागलं. जायचं कुठे, हा प्रश्न पडला तेव्हा कित्येकांच्या फ्लोअरवर व्हिएतनामी पोरं आधीच उभी होती. मग कुणी पोराच्या लग्नाला त्याच्या गावी गेलं, कुणी सहज बघून येऊ म्हणून गेलं, जवळच्या औद्योगिक वसाहतीत छोटी शेड भाड्याने घेतली, आणि जुन्या प्रशिक्षणार्थ्याला बोलावून चावी हातात दिली. यात कुठली परिषद नव्हती की सामंजस्य करार नव्हता.

माणूस असला तरी छोट्याला छोटी जागा लागतेच. ओता वॉर्डाच्या उद्योग संवर्धन संस्थेने हे ओळखलं आणि २००६ मध्ये थायलंडच्या अमाता नाकोर्न औद्योगिक वसाहतीत आपल्या वॉर्डातल्या कारखान्यांसाठी 'ओता टेक्नो पार्क' उभं राहिलं. लहान गाळे, भाड्याने. सरकारही नव्हे, एका शहराचा एक वॉर्ड. आपल्याकडे वॉर्ड ऑफिसकडून आपण फार तर जन्माच्या दाखल्याची अपेक्षा ठेवतो, पण ते असो.

परदेशात कारखाना काढणं हा या गोष्टीचा ठसठशीत भाग झाला. रोजचा भाग बारीकसारीक असतो. सॉस बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात इंडोनेशियाच्या मुली कामाला असतील, तर यात मिरीन, म्हणजे तांदळाची गोडसर दारू, घातलं की मुसलमान गिऱ्हाईक बाटलीला हात लावणार नाही, हे मालकाला त्या फुकटात सांगतात. जत्थ्याने आलेल्या विदेशी ईमेलमधलं खरं गिऱ्हाईक कोणतं आणि फुकटची चौकशी कोणती, हे त्या देशातला माणूस दोन ओळींत ओळखतो. पेमेंट मागायला फोन कधी करायचा आणि सणावारी का करायचा नाही, हेही त्यालाच ठाऊक. अर्थशास्त्रज्ञांनी हे मोजूनही पाहिलं आहे. डेव्हिड गूल्ड यांनी १९९४ मध्ये अमेरिकेच्या ४७ देशांशी चालणाऱ्या व्यापाराचा अभ्यास मांडला; ज्या देशातून लोक येऊन स्थायिक झाले त्या देशाशी व्यापार वाढतो, असं त्यात दिसलं. पुढे स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये कंपन्यांच्या पटावरची नावं आणि त्यांची निर्यात एकमेकांना लावून पाहिली गेली, तेव्हाही तोच सूर निघाला: ज्या देशातला माणूस नोकरीला, त्या देशाकडे माल जास्त जातो. भोसरीतल्या क्रेटपाशी मला जे दिसलं, ते यांनी तक्त्यात मांडलं एवढंच.

आता दुसरी बाजू. ती लपवून तुम्हाला पत्र लिहिणं बेइमानी ठरेल. याच योजनेत माणसांचे हालही भरपूर झाले. मालक वाईट निघाला तरी प्रशिक्षणार्थ्याला नोकरी बदलता येत नसे. जपानच्या इमिग्रेशन एजन्सीने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असं दिसलं की प्रशिक्षणार्थ्यांनी मायदेशात सरासरी ५ लाख ४२ हजार येन मोजले होते, आपल्या पैशात तीन लाखांच्या घरात. व्हिएतनामच्या मुलांची सरासरी तर ६ लाख ८८ हजार येनवर गेली होती. निम्म्याहून अधिकांनी त्यासाठी कर्ज काढलं होतं. २०२३ या एका वर्षात ९,७५३ प्रशिक्षणार्थी कामाच्या जागेवरून नाहीसे झाले. शेवटी २०२४ मध्ये जपानी संसदेने ही योजनाच मोडीत काढणारा कायदा केला. एप्रिल २०२७ पासून तिच्या जागी 'इकुसेई शूरो' ही नवी योजना येते आहे आणि तीत काही अटींवर नोकरी बदलता येणार आहे.

हा केवळ माणुसकीचा प्रश्न म्हणून उद्योग खात्याने कौशल्य खात्याकडे ढकलू नये. कर्ज फेडायला पळालेला पोरगा मालकाच्या मनात त्या देशाबद्दल काय ठेवून जातो? "त्या देशातली पोरं नकोत", एवढंच. एजंटने घेतलेले तीन लाख पोराच्या खिशातून जातात आणि दहा वर्षांनी येऊ शकणारा एक कारखाना तुमच्या तालुक्यातून. आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालच्या नियमांत नोंदणीकृत एजंटची फी ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी बांधून दिलेली आहे. गावोगावच्या 'जपान व्हिसा गॅरंटी'च्या फ्लेक्सखाली उभं राहून ती कितीला पडते, याची चौकशी एकदा साध्या कपड्यांत करून बघा.

भारत या रांगेत उशिरा शिरला. प्रशिक्षणार्थी योजनेचा करार ऑक्टोबर २०१७ मध्ये झाला, कुशल परदेशी कामगारांना देतात त्या 'विशिष्ट कौशल्य' व्हिसाचा जानेवारी २०२१ मध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये पंतप्रधान तोक्योला गेले तेव्हा पाच वर्षांत पाच लाख लोकांची ये-जा आणि त्यात भारतातून ५० हजार कुशल माणसं, असं दोन्ही देशांनी जाहीर केलं. म्हणजे रांग आता भराभर पुढे सरकणार. यात महाराष्ट्राने मागे राहावं असं काहीच कारण नाही. पुण्याइतकं जपानी शिकणारं शहर देशात क्वचित सापडेल. जेएलपीटीच्या, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेच्या, रविवारी सेंटरबाहेर गाड्या लावायला जागा नसते. ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवरची बाग सिंहगड रोडवर पु. लं.च्या नावाने उभी आहे. वाकायामा प्रांताशी राज्याचा २०१३ पासून करार आहे आणि तिथल्या कोयासान विद्यापीठात २०१५ मध्ये बाबासाहेबांचा पुतळाही बसला. स्नेह आहे, बाग आहे, पुतळा आहे. फ्लोअर ओळखणारा माणूस तेवढा आपण वाया घालवतो आहोत.

वाया कसा, ते एका पोरावरून सांगते. पारनेर तालुक्यातला. आयटीआय केला, आइची प्रांतातल्या एका छोट्या मोल्डिंग कारखान्यात तीन वर्षं काढली, परत आला. मला भेटला तेव्हा मामाचं दूध संकलन केंद्र सांभाळत होता. दुधाचे नमुने ठेवायच्या प्लॅस्टिकच्या क्रेटवर त्याने बोट ठेवलं. गुळगुळीत पृष्ठभागावर एक पुसटशी खळी होती, मला दाखवेपर्यंत दिसलीही नव्हती. "हा सिंक मार्क आहे मॅडम. होल्डिंग प्रेशर कमी पडलंय नाहीतर कूलिंग लवकर काढलंय. आमच्याकडं हा पीस पुढं गेलाच नसता." 'आमच्याकडं' म्हणजे आइचीत. परत आल्यावर त्याच्या शिक्षणाचं, अनुभवाचं काय झालं असं विचारलं, तर म्हणाला, कुणाचाच फोन आला नाही. त्याचा जुना मालक अजून नव्या वर्षाचं कार्ड पाठवतो. "इंडियाला यायचंय म्हणतात, पण कुणाला भेटायचं ते विचारतात. मी काय सांगू?"

सुप्याची एमआयडीसी त्याच्याच तालुक्यात आहे. तिथे जपानी उद्योगांसाठी वेगळा विभाग काढलेला आहे. मोटरसायकलवर निघाला तर चहा गार व्हायच्या आत पोचेल. एका बाजूला जपानी कंपन्या याव्यात म्हणून राखून ठेवलेली जमीन, दुसऱ्या बाजूला जपानी मालकाचा फोन नंबर खिशात ठेवून दुधाचं फॅट मोजणारा पोरगा. मधल्या अंतराचं नाव तुम्ही दोन खाती.

कौशल्य खात्याचं काम विमानतळाच्या दारात संपतं: इतके प्रशिक्षित, इतके रवाना. उद्योग खात्याचं काम दावोसला आणि तोक्योच्या हॉटेलात सुरू होतं: इतके करार, इतके कोटी. एकाच वाड्यात राहून चूल वेगळी मांडलेल्या भावांसारखा हा संसार आहे. त्यात तिसरं घरही आहे. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला, पहिल्या टप्प्यात दहा हजार माणसं पाठवायची ठरली. आणि ते काम आलं शालेय शिक्षण विभागाकडे! तेही राज्य छोट्या आणि मध्यम कारखान्यांसाठीच ओळखलं जातं, श्टुटगार्ट आणि मुंबई तर १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. जपानबद्दल जे लिहिते आहे ते बरंचसं तिथेही लागू पडावं. मात्र मला जर्मन येत नाही, म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही.

मागणं फार मोठं नाही, खर्चिक तर नाहीच.

परतणाऱ्यांची नोंद ठेवा. नाव, ट्रेड, कुठल्या प्रांतात होता, कारखाना किती माणसांचा, भाषा कुठपर्यंत आली, आणि जुन्या मालकाशी बोलणं आहे का. या शेवटच्या रकान्याला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त किंमत आहे. पोराची परवानगी घेऊनच ही यादी उद्योग खात्याकडे आणि जिल्हा उद्योग केंद्राकडे जावी. उद्या मुंबईतल्या जेट्रोच्या, म्हणजे जपानच्या व्यापारवाढीच्या सरकारी संस्थेच्या, ऑफिसात एखादा चाळीस माणसांचा जपानी कारखानदार विचारपूस करायला आला, तर त्याला ब्रोशर देण्याऐवजी माणसाचं नाव देता आलं पाहिजे. तिकडे घेतलेली कौशल्य परीक्षेची प्रमाणपत्रं या पोरांच्या फायलीत पडून असतात. त्यांना इथे श्रेणी द्या. निदान आयटीआयमध्ये पाहुणा निदेशक म्हणून त्यांना उभं करा. रिजेक्शन क्रेटपाशी उभं राहून अर्धा तास बोलतील तेवढंही पुष्कळ आहे.

जागा लहान द्या. छोट्या जपानी मालकाला एकरावर प्लॉट नको असतो. दोन मशिनं मावतील असा गाळा हवा असतो, वीज जोडलेली, तीन वर्षांच्या भाडेकरारावर, आणि शेजारी हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग करून देणारं कुणी तरी. असे गाळे बांधायचा अनुभव एमआयडीसीला आहेच. आणि तो गाळा आपल्या एखाद्या लघुउद्योजकाबरोबर भागीदारीत घ्यायची सोय असेल, तर भोसरीच्या त्या वर्कशॉपवाल्यांसारखे कितीतरी जण उद्या सकाळी अर्ज घेऊन येतील. त्यांनाही जपानी ऑर्डर हवी आहे. फक्त समोरच्याशी बोलणारं कुणी नाही.

भाषा शिकवताना फ्लोअरची शिकवा. जेएलपीटीची एन-४ ही प्राथमिक पातळी पास झालेली मुलं हवापाण्यावर छान बोलतात आणि 'बर काढ', म्हणजे पिसाच्या कडेला उरलेली कुसळं काढ, म्हटलं की गप्प होतात. पुण्यात जपानी शिकवणाऱ्या बाया-बाप्यांची कमतरता नाही, त्यांना परतलेली पोरं जोडून द्या. धडे आपोआप लिहिले जातील.

"ही पोरं परत येतातच कुठे?" असं तुमच्यापैकी कुणी तरी म्हणेल. काही येणार नाहीत. विशिष्ट कौशल्याच्या दुसऱ्या श्रेणीत गेलेल्याला बायकोमुलांना नेता येतं आणि व्हिसा पुन्हा पुन्हा वाढवून घेता येतो. तो कशाला येईल? पण तिथे राहिलेला माणूसही कारखान्याच्या आतच असतो की. डाय कुठून मागवायची, कास्टिंगचं कोटेशन कुणाकडून घ्यायचं, हे मालक ठरवतो तेव्हा तो चार हातांवर उभा असतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीचं नाव मालकाच्या कानावर जायचं असेल तर ते त्याच्याच तोंडून जाईल. त्याच्याशीही संबंध ठेवा. वर्षातून एक फोन, एक पत्र. तोक्योतल्या मराठी मंडळींचा गणपती दणक्यात होतो, पण तिथे बहुतेक आयटीवाले येतात. आइची, गिफू, शिझुओकाच्या कारखान्यांत विखुरलेली पोरं तिथपर्यंत पोचत नाहीत.

दुसरी शंका राजकारणाची. जपानमध्येही परदेशी माणसं नकोत म्हणणारे वाढत आहेत. जुलै २०२५ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत 'आधी जपानी' म्हणणाऱ्या सान्सेइतो पक्षाने १४ जागा घेतल्या. आपल्याला हा सूर नवा नाही, आपण तो घरबसल्या ऐकत आलो आहोत. पण छोट्या गावातल्या कारखान्याचा मालक निवडणुकीत काहीही ऐको, सोमवारी सकाळी त्याला मशिनवर माणूस लागतो. दार किती काळ उघडं राहील हे आपल्या हातात नाही. उघडं आहे तोवर आत गेलेल्या माणसाला आपण ओळख देतो का, एवढं आहे.

शेवटचं. पुढचं शिष्टमंडळ जपानला निघेल तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांच्या भेटी असतील, त्या असू द्यात. त्यातली एक दुपार कापून हिगाशी-ओसाकाला किंवा आइचीतल्या एखाद्या कुमिआईकडे जा, आणि ज्यांच्याकडे महाराष्ट्रातली पोरं कामाला आहेत किंवा होती अशा मालकांना तिथे बोलवा. हॉटेल नको, त्यांच्या संघटनेच्या ऑफिसातच बसा, ग्रीन टी ते देतील. बोलायला दुभाषी लागेलच. मला बोलावलंत तर येईन. पण माझ्या शेजारची खुर्ची पारनेरच्या त्या पोराला द्या, आणि मानधन त्यालाही माझ्याइतकंच द्या.

आपली,
पिंपरी-चिंचवडमधली एक जपानी दुभाषी